टॉवरमधले टेंभरे काका

शेवटचा प्रवासी उतरल्यावर मी फोन सुरू केला, तेव्हा संदेश येऊन चार तास झाले होते. ‘बाबा सकाळी गेले. झोपेतच.’ टेंभरे काकांच्या मुलीचा, नंदाचा. माझा चेहरा बघून सहवैमानिकानं विचारलं, “मॅडम, घरचं कोणी?” नात्यातले नव्हते, माझे शिक्षकही नव्हते... “हो, घरचेच,” एवढंच म्हणाले.

देवचंद टेंभरे गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहानशा धावपट्टीवर हवाई वाहतूक नियंत्रक होते. मूळचे देवरीकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. मी नाशिकहून विमान चालवायला शिकायला तिथे गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आम्हा शिकाऊंना ते फक्त आवाज म्हणून माहीत होते. जाड, संथ, कधीच न चढणारा. टॉवरनं दिशेचा आकडा सांगायचा, वैमानिकानं तो परत म्हणून दाखवायचा आणि टॉवरनं तो तपासून घ्यायचा, असा नियम. आम्ही पोपटासारखे आकडे म्हणायचो आणि पुढे जायचो.

धान कापणीला आलेल्या दिवसांतली ती दुपार. रायपूरच्या बाजूनं मी एकटी परत येत होते. वाटेत ढग जमले म्हणून काकांनी नवी दिशा दिली, “टू नायन झीरो.” मी म्हटलं, “टू झीरो नायन.” दोनशे नव्वद अंश म्हणजे धावपट्टीकडे आणि दोनशे नऊ म्हणजे दक्षिणेच्या जंगलात. वीस मिनिटांनी खाली नुसतं हिरवं काळं रान, मधूनच एखादा तलाव. त्यातला एक मला ओळखीचा वाटला, म्हणून मी त्याच्याभोवती वळले, आणि होती ती दिशाही हरवून बसले. इंधनाचा काटा बघितला आणि रेडिओवरची ठरलेली इंग्रजी सगळी विसरले. “सर, मी चुकलेय. मला काहीच कळत नाहीये.”

मग नियम बाजूला ठेवून ते आपल्या बोलीत बोलू लागले. “काऊन रडून राहिली? आधी वर चढ, आवाज साफ येते मंग. आता सांग, खाली काय दिसून राहिलं?”

“झाडं.”

“झाडं मलेही माहीत हायेत. सूर्याले डाव्या खांद्यावर ठेव अन् सरळ ये. हायवे लागते.”

हायवे लागला. त्यावर ट्रकांची रांग दिसतेय, असं कळवलं. “मंग तेच. डाव्या हाताले वळ, आमची देवरी दिसते.” देवरीवरून त्यांनी मला उत्तरेला आणलं, आमगावचे रूळ ओलांडायला लावले, आणि मग ती धावपट्टी... चाळीस मिनिटं ते माझ्याशी बोलत होते. उतरल्यावर टाकीत किती उरलं होतं ते मेकॅनिकनं मोजलं आणि मला सांगितलं नाही.

प्रशिक्षकांना मी सांगून टाकलं की होकायंत्र बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी टॉवरवर बोलावलं. ठेंगणे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले गृहस्थ. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. त्यांचा आकडा, माझा उलटा आकडा, आणि त्यावर त्यांचाच आवाज, “करेक्ट.”

“एक चूक तुझी, एक माझी. मी तवा फोनवर बोलून राहिलो होतो. अर्ध्या कानानं ऐकलं.” टेबलावर त्यांचा अहवाल लिहून तयार होता. वरच त्यांचं स्वतःचं नाव.

“सर, मी तर सुखरूप आले. हे कोणी ऐकणारही नाही. कशाला लिहिता?”

“तू उतरली म्हणून चूक लहान झाली काय?” त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. होकायंत्राचं खोटं मी तिथेच बसून खोडलं.

मला पुन्हा प्रशिक्षकाला शेजारी बसवून उडावं लागलं. त्यांना काही महिने माईकपासून दूर बसवलं आणि त्या वर्षीची बढती त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी कॅप्टन झाले तेव्हा फोन केला, तर म्हणाले, “पेढे मंग. शेजारचे पोट्टे आकडा परत म्हणतात तवा ऐकते ना नीट?” ऐकते म्हटलं. यंदाच्या उन्हाळ्यात शेवटचं बोलणं झालं, तेव्हा न विचारताच म्हणाले, “तुले एक सांगितलं नोयतं. त्या दिवशी माझे पाय लटलट कापत होते. आवाज तेवढा धरून ठेवला...” आणि हसले.

गेल्या आठवड्यात गोंदियाजवळ कुडव्याला त्यांच्या घरी गेले. शांताकाकू गच्चीवर घेऊन गेल्या. पश्चिमेचं ऊन उतरलं होतं. त्या आजारपणाचं, शेवटच्या रात्रीच्या जेवणाचं सांगत होत्या, आणि मध्येच थांबल्या. लांबून संध्याकाळच्या विमानाचा आवाज येत होता. निवृत्त झाल्यापासून काका रोज इथे उभे राहायचे म्हणे, विमान खाली टेकेपर्यंत. त्याच्याआधी चहा घ्यायचे नाहीत. आवाज खाली खाली येत गेला, घरांच्या मागे गेला, आणि थांबला. काकू आणखी थोडा वेळ तशाच कान देऊन उभ्या होत्या.

“उतरलं,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला खाली गेल्या.