भागीबाईच्या हातातली टाकी

नाशिकजवळ दिंडोरीच्या रस्त्याला माळावर सरकारने बडा बंगला बांधायला काढला, तेव्हा भागीबाई पेठच्या डोंगरातून घमेली वाहायला खाली आली. नवरा आदल्या साली तापाने गेला होता; घरी म्हातारी सासू आणि भाताचं एवढंसं खाचर. बंगल्यात वर्षाकाठी आठवडाभर बडे साहेब उतरणार, म्हणून नाचाचा दिवाणखाना, बोटीने आणलेला संगमरवर, बागेत कारंजं. कामाचं पाणी मात्र बायका डोक्यावरून आणत.

एकोणीसशे बत्तीस साली मुंबईहून हुकूम आला : काम बंद. छप्पर चढलंही नव्हतं. माणसं पांगली, भागीबाई पायरीवर बसून राहिली.

निसार पाथरवट तिथे टाकीने, म्हणजे छिन्नीने, खांब घडवायचा. त्याची बायको जैतुनबी भाकरी घेऊन आली होती. तिने विचारलं, "तू गं का गेली नाहीस?"

"कुठं जाऊ? भाताच्या आवणीपत्तूर तिकडं काम नाय."

जैतुनबीने अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "हिला टाकी धरायला शिकवा. झिजलेल्या जात्यांना टाके घालत फिरेल."

"आता मलाही तेच करत हिंडायचंय," निसार म्हणाला. "हिला शिकवलं तर माझीच गिऱ्हाइकं जातील."

"पेठचे डोंगर तुम्हाला चढवतात का? ती गावं हिची."

 दुसऱ्या दिवशी निसारने फुटक्या खांबाचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. हातोडी पहिल्यांदा अंगठ्यावरच बसली. जैतुनबीने हळद भरली, चिंधी बांधली, आणि आपल्या पडवीत तिचं अंथरूण घातलं. पावसाच्या तोंडावर भागीबाई घरी निघाली, तेव्हा निसारने स्वतःची जुनी हातोडी आणि दोन टाक्या तिला दिल्या.

तेव्हापासून ती डोंगरातल्या पाड्यांवर जाती टाकवत फिरली. सासूच्या ताटात दोन्ही वेळेला भाकरी पडू लागली. पुन्हा घमेलं उचलायची पाळी आली नाही. पाड्यांवर नवी नागली, म्हणजे नाचणी, निघाली की मजुरीत मिळालेलं गाठोडं घेऊन ती चालत नाशिकला जैतुनबीकडे यायची.

"एवढं ओझं कशाला आणतेस?" जैतुनबी रागवायची.

"तुमी हात धरला नसता, तर लोकांचंच वाहत बसले असते."

पुढे निसारची नजर मंदावली. एका वर्षी भागीबाईने न सांगताच त्यांच्या घरचं जातं उघडलं आणि टाके घातले. निसारने जात्याच्या पाळीवरून हलकेच बोट फिरवलं.

"कडेला अजून थोडं खोल हवं," तो म्हणाला.

"व्हय, चाचा," ती म्हणाली आणि पुन्हा टाकी उचलली.