ड्राफ्ट्समनची सही

माधवरावांचा फोन आला तेव्हा मी भांडुपला एका स्लॅबची सळई तपासत उभा होतो. "उज्ज्वला गेली रे," एवढंच ते म्हणाले. आपली बायको गेल्याचं माणूस आणखी कसं सांगणार? अशा वेळी मनात आधी दुःख यावं. माझ्या मनात आधी आलं ते असं, की आता शोकसभा होईल आणि सर बोलायला उभे राहतील... या विचाराची लाज वाटायला हवी होती. तीन आठवडे मी स्वतःला तपासतो आहे. ती अजून वाटलेली नाही.

उज्ज्वला आणि मी मुलुंडच्या एका स्ट्रक्चरल सल्लागाराच्या कार्यालयात शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरीला लागलो. त्या सल्लागारांना आम्ही सर म्हणत असू. इथेही तेवढंच म्हणतो. आमच्या व्यवसायाची रीत अशी, की तुळया-खांबांची आकडेमोड नव्या अभियंत्याने करायची आणि सही परवानाधारकाने. काही वर्षांनी ते वरिष्ठ अनुभवाचा दाखला देतात आणि त्याच्या आधारे आपला परवाना निघतो. मला दाखला मिळाला. उज्ज्वलाच्या दाखल्यात सरांनी तिचं पद लिहिलं 'ड्राफ्ट्समन', म्हणजे दुसऱ्याने ठरवलेलं नुसतं कागदावर उतरवणारी. सर्वांत अवघड गणितं तिच्याकडे असत. मी विचारायला गेलो, तर सर हसून म्हणाले, "अरे, तिचं लग्न ठरलंय ना? लायसन्स काय रुखवतात मांडायचंय?" खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. तिला परवाना मिळाला असता, तर सरांची गणितं कोण करणार होतं?

तिने घाटकोपरला दुसऱ्या कार्यालयात पहिल्यापासून सुरुवात केली. परवाना निघाला आणि तिने मुलुंडलाच स्वतःचं कार्यालय थाटलं, तेव्हा तिची मुलगी शाळेत जाऊ लागली होती. पेढा हातावर ठेवताना ती म्हणाली, "सरांना नेऊन देणार नाही हं. ते येतील माझ्याकडे. चालत."

आणि ते आले. सर राहतात ती इमारत त्यांच्याच कार्यालयात आखलेली, तिच्या तुळया उज्ज्वलाने काढलेल्या. इमारत जुनी झाल्यावर तपासणीचं काम सोसायटीने नेमकं उज्ज्वलाला दिलं. सरांना पुनर्विकास हवा होता. त्यासाठी इमारत धोकादायक ठरायला हवी होती. त्या दिवशी मी तिच्या कार्यालयात बसलो होतो.

"उज्ज्वला, तू आपली मुलगी. मोडकळीला आलीय असं लिही, झालं."

"ठणठणीत आहे, सर."

"अगं, तुझ्या एका सहीचा प्रश्न आहे ना!"

"ड्राफ्ट्समनच्या सहीवर कुठे इमारती पाडतात, सर?" तिने विचारलं, आणि त्याच स्वरात चहा घेणार का, हेही विचारलं. सर उठून निघाले. ते जिना उतरल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या तुळया आहेत रे त्या. पाडू देईन होय?"

शोकसभेच्या आदल्या दिवशी माझी भीती खरी ठरली. सरांचा फोन आला. "मीच घडवलं तिला. दोन शब्द बोलेन म्हणतो." मी आवाज न चढवता म्हणालो, "जरूर या, सर. फक्त ती आपल्याकडे कोणत्या पदावर होती, तेवढं सुरुवातीलाच सांगा." पलीकडून फोन बंद झाला. ते आले नाहीत. ऐंशीच्या घरातला, काठी टेकत चालणारा माणूस. गेलेल्या मैत्रिणीच्या आडून मी त्याच्यावर वार केला का? केला. मात्र क्षमा करण्याचा अधिकार तिचा होता. तो तिने वापरला नाही, आणि माझ्याकडे तो सोपवलेलाही नाही.

परवा तिच्या ऑफिसच्या जिन्याखाली उभे असताना माधवराव म्हणाले, "ही पाटी उतरवू या का रे? आता काय उपयोग?" पाटीवर तिचं पूर्ण नाव आहे आणि खाली 'स्ट्रक्चरल इंजिनिअर'. समोरच्या रस्त्याने सर रोज सकाळी फिरायला जातात.

"राहू द्या थोडे दिवस," मी म्हणालो. मग रुमाल ओला केला आणि पाटीवरची धूळ पुसून काढली, अक्षरं पलीकडच्या फुटपाथवरूनही वाचता येतील इतकी.