शनिवारचे पाव्हणे आणि दुसरी चूल

सौंसरला घर असलं की मारुतीची कृपा घरबसल्या मिळते, आणि मारुतीचे भक्तही घरबसल्या मिळतात. मारुतीचं जामसांवली तिथून जवळच. शनिवारी दर्शन घ्यायचं, प्रसादाच्या नारळाची अर्धी वाटी पिशवीत टाकायची आणि "इथवर आलोच हाओ तर भेटून जाऊ" म्हणत आमच्या दारात उभं राहायचं, हा सगळ्या नातेवाइकांचा रिवाजच होता. बहुतेकांना शनिवारचा उपास असे. तो सुटायचा संध्याकाळी, आमच्या घरी.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. माझं माहेर सावरगावचं, पांढुर्ण्यासमोर जाम नदीपलीकडचं. घरी कपाशी आणि संत्र्यांचं वावर. तिथे कोठीतून सुपानं ज्वारी काढायची आणि उरली किती, हे विचारायचं नाही. सासर मात्र पगारावर चालणारं होतं. सासूबाई, नवऱ्याचे थोरले भाऊ, थोरली जाऊ, त्यांची दोन मुलं, शाळेत मास्तर असलेले आमचे हे आणि मी. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात, आणि धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नसतं. जे काही सांगायचं ते सासूला सांगायचं, फक्त आवाज जरा मोठा ठेवायचा. माझा आवाज मुळातच मोठा आहे, त्यामुळे मला कधी अडचण आली नाही.

दर महिन्याच्या सुरुवातीला भासरे किराणा आणि ज्वारीचं एक पोतं आणून टाकत. सात माणसांना ते पुरून उरलं असतं, पण शनिवार पुरू देत नसत. त्या हिवाळ्यात महिना सरायला आठ दिवस असतानाच पोतं रिकामं झालं आणि भासऱ्यांचं डोकं फिरलं. ओसरीवर उभे राहून ते सासूबाईंना म्हणाले, "आई, या पाव्हण्यापायी घर बुडून राहिलं. त्यात धाकलीच्या माहेरचेच अर्धे. होळी झाली का मी चूल वेगळी करतो."

नुसतं बोलून थांबले नाहीत. दोन दिवसांत जावेनं मागच्या पडवीत मातीची नवी चूल घातली आणि सारवून वाळायला ठेवली.

 ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर सासूबाईंनी एका चुलीवर दोन मुलं वाढवली होती. त्या रात्री त्या ताटावरून तशाच उठल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त आला. उद्या पांढुर्ण्यापर्यंत बोभाटा होणार होता की सावरगावच्या पोरीनं घर फोडलं. माझ्या माहेरच्या माणसांनी दोन घास खाल्ले म्हणून माझ्या सासूचं घर मोडणार, हे मला सहन होणारं नव्हतं.

सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, पुढचा महिना सैपाकघर माह्याकडे द्या. एकबी पाव्हणा उपाशी जाणार नाई, अन् पोतंबी पगाराच्या आधी सरणार नाई."

आतल्या खोलीतून भासऱ्यांचा आवाज आला, "आई, तिले सांग, माहेराहून एक दाणा आणाचा नाई."

"आई, त्याइले सांगा, मले गरजच नाई."

जाऊ भांडी लावता लावता हसली. "पैज लावाच्या आधी कॅलेंडर तरी पाहाचं होतं, बाई. पुढच्या महिन्यात पाच शनिवार हाएत."

मी खरंच पाहिलं नव्हतं. पण आता तोंडातून शब्द गेला होता.

पहिल्या शनिवारी आठ पाहुणे आले. मी ठरवलं, डाळ-भाजीला हात लावायचा नाही, थोड्याशा बेसनात सगळ्यांना जेवू घालायचं. पातोडीचा रस्सा केला. मसाला घालून घोटलेलं बेसन तेल लावलेल्या थाळीवर थापायचं, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. रस्सा असा जमला की वास गल्लीत गेला. पंगतीत भाकरीमागून भाकर मागितली जाऊ लागली. दोन भाकऱ्यांचा माणूस चारवर गेला, चारचा सहावर. मी आत फुगले होते, सगळे बोटं चाटत होते. शेवटी पिठाचा डबा खरवडला तेव्हा लक्षात आलं, मी वाटीभर बेसन वाचवलं आणि आठवड्याची ज्वारी उडवली. हाताला चव आहे याचा मला इतका माज होता की चव वाढली की भाकऱ्या वाढतात, एवढी साधी गोष्ट सुचली नाही.

जावेला आयतंच मिळालं. "मुंगी वाचवली अन् हत्ती सोडला," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी दिवसभर हसली.

रात्री ह्यांनी हळूच सुचवलं, "जरा चव कमी केली त नाई जमणार का?"

मी असं पाहिलं त्यांच्याकडे की ते वह्या तपासायला निघून गेले. बेचव वाढून वाचवण्यात कसली हुशारी? ते तर कोणत्याही आळशी बाईला जमतं. मला पाहुण्यांनी पोटभर जेवलेलं हवं होतं, बोटं चाटलेलीही हवी होती, आणि पोतंही हवं होतं.

दोन दिवस मी चुलीपुढे बसून त्या पंगतीचा विचार केला. दिवसभराचा उपाशी माणूस पहिल्या दोन भाकऱ्या भुकेनं खातो आणि पुढच्या दोन चवीनं. म्हणजे भूक आधी भागवायची आणि जीभ नंतर. ज्वारीच्या भाकरीला मुठी-मुठीनं पीठ लागतं, पण त्याच ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या की मूठभराचं पातेलं होतं. शेजारी म्हशी होत्या, आणि ताकाला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नसे.

दुसरी गोष्ट फळीवर पडून होती. पाहुण्यांनी आणलेल्या प्रसादाच्या नारळाच्या वाट्या. प्रसाद टाकवत नाही, विकता येत नाही. मुलं थोडा कुरतडत, थोडा शेजारी वाटला जाई, आणि बाकीच्याला बुरशी आली की सासूबाई हात जोडून गाईपुढे ठेवत. इकडे आम्ही रश्शासाठी किराण्यातून महागाचं सुकं खोबरं आणत होतो! मारुती दर शनिवारी खोबरं पाठवत होता आणि आम्ही ते गाईला घालून दुकानात जात होतो. मी सगळ्या वाट्या दोरीत ओवून चुलीच्या वर टांगल्या. धुरानं आणि धगीनं शनिवारपर्यंत खणखणीत सुकल्या. असं खोबरं भाजून पाट्यावर वाटलं की स्वतःचंच तेल सोडतं. फोडणीचं तेल निम्मं केलं तरी वर लाल तर्री यायची.

दुसऱ्या शनिवारी मी आधी प्रत्येकाला वाटीभर ऊन-ऊन आंबील दिली, लसणाची फोडणी देऊन, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरून. सगळ्यांचे जीव शांत झाले. मग रस्सा वाढला. चाटली बोटं त्यांनी, पण भाकऱ्या दोनावर थांबल्या. कोणी अर्धपोटी उठलं नाही. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं तर पाणी पिता पिता मोठ्यानं ढेकर दिला, तो मला अजून आठवतो.

तिसऱ्या शनिवारी माझे बाबा आले. पांढुर्ण्याहून बसनं, आणि बसच्या टपावरून ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन. त्यांना कुठून तरी कळलं होतं. म्हणाले, "पोरी, घरचीच हाय. कोणाले समजते?"

"मले समजते न, बाबा," मी म्हटलं.

त्यांच्या हातातली नारळाची वाटी मी घेतली आणि पोतं परत पाठवलं. जाताना ते वळून पाहत होते. मला रडू फुटत होतं, पण मी दार लावून घेईपर्यंत रडले नाही. ते पोतं घेतलं असतं, तर त्या घरात मी पुढे ताठ मानेनं चालले नसते.

चौथा शनिवारही आंबिलीवर निभला. पाचवा आला तेव्हा पगाराला दोन दिवस होते आणि पोत्याच्या तळाशी ज्वारी होती. दिवस मावळता मावळता दारात बैलबंडी थांबली. लोधीखेड्याहून जावेचे आईवडील, भाऊ-भावजय आणि त्यांची मुलंबाळं, असे अकरा जण उतरले. जावेचा चेहरा उतरला. जिनं महिनाभर माझी ज्वारी मोजली होती, तिचंच माहेर आता पंगतीला होतं. ती माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "बाई, माह्या मायबापाले कमी नको पडू देऊ."

त्या एका वाक्यात माझा तिच्यावरचा महिन्याचा राग निघून गेला.

ज्वारी होती. खोबरं होतं. आंबील एका अंगाला शिजत होती, रस्सा दुसऱ्या अंगाला. पण अकरा पाहुणे आणि घरची सात माणसं यांच्या भाकऱ्या थापायला चुलीवर जागाच उरली नव्हती, आणि पाहुणे सकाळपासून उपाशी होते. मी वर पाहिलं. "ताई, तुमची चूल वाळली का?"

 जावेनं माझ्या चुलीतले निखारे उलथन्यानं लोखंडी पाटीत घेतले, मागच्या पडवीत गेली, नव्या चुलीला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि जाळ केला. वेगळं होण्यासाठी घातलेल्या त्या चुलीवर तिनं पहिल्यांदा भाकरी टाकली ती सगळ्या घरासाठी.

पंगत रंगली. जावेचे वडील म्हणाले, असा रस्सा लग्नातबी खाल्ला नाई. तेवढ्यात भासऱ्यांचा आवाज आला, "आई, धाकलीले विचार, रस्सा हाय का अजून?"

मी आतून म्हटलं, "आई, त्याइले सांगा, लागन तेवढा हाय. अन् भाकरी ताईच्या चुलीवरच्या हाएत."

 बाहेर भाकर मोडल्याचा आवाज आला. सासूबाई वाढायला बाहेर जायच्या त्या न जाता माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. एवढा अभिमान मला पुढे कधी कोणत्या गोष्टीचा वाटला नाही, आणि मी तो लपवतही नाही.

पगाराच्या दिवशी भासरे नवं पोतं घेऊन आले तेव्हा जुन्याच्या तळाशी अजून दोन-तीन सुपं ज्वारी होती. त्यांनी पोत्यात हात घालून पाहिली. मागे जाऊ पहार घेऊन नवी चूल फोडायला निघाली होती, आता तिचं काय काम म्हणून. भासरे ओसरीवरूनच म्हणाले, "आई, दोघीइले सांग, ते चूल राहू द्या. शनिवारी लागते."