तिच्यासमोर बोला

सोनाळ्याहून मेहकरला मी पोटासाठी आले. शाळा सातवीतच सुटलेली, त्यामुळं कुठं धड काम मिळेना. तेव्हा इथल्या मतिमंदांच्या निवासी गृहात मुख्य मॅडमनी मला राहणाऱ्यांची देखभाल करायला ठेवून घेतलं. ते उपकार मी विसरले नाही. म्हणून तर त्या दिवशी तोंड उघडणं जड गेलं.

आमच्याकडं पाहुणे आले की बोलणाऱ्यांनी हॉलमध्ये बसायचं. जे नुसते आवाज काढतात, ज्यांची लाळ गळते, त्यांना लवकर भरवून मागच्या खोलीत न्यायचं, ही रीत. माझ्याकडची बाई मागच्या खोलीतली. वयानं माझ्याहून मोठी, चाकाच्या खुर्चीत, एक शब्द बोलत नाही.

विद्यापीठातून एक ताई आली. इथं राहणाऱ्यांना इथलं जगणं कसं वाटतं, यावर तिचं संशोधन होतं. मॅडमनी मला डोळ्यानंच बाईला आत ने म्हणून खुणावलं. मी खुर्ची हॉलकडं वळवली.

"हे बी इथंच राह्यते," मी म्हटलं.

ताई गोंधळली. बोट ठेवून उत्तर द्यायला तिनं आणलेली चित्रं हिच्या कामाची नव्हती. मग हिला विचारायचं कसं? मला तरी कुठं ठाऊक होतं. बसून पाहा, म्हटलं. ताई सतरंजीवर बसली, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो पुढं धरला. बाईनं तो लोटला. पुन्हा धरला, तर पुन्हा लोटून तोंडच फिरवलं.

"तिला काय कळतंय," मॅडम हसल्या. "राहू द्या चालू. तिच्या वडिलांची संमतीची सही आहे आपल्याकडे."

"कळो का नाही कळो, मॅडम. तिनं नाही म्हटलं न."

ताईनं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला आणि नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळानं बाईनं ताईची ओढणी मुठीत धरली, चघळून ओली केली. निघताना ताई मॅडमना म्हणाली, हीसुद्धा माझ्या अभ्यासात आहे, मी पुन्हा येईन.

संध्याकाळी मॅडमचा निरोप आला: तुझ्या त्या बाईबद्दल बोलायचंय, सकाळी ऑफिसात ये. घरी फोन करावासा वाटला, पण केला नाही. सकाळी बाईची वेणी घातली, तोंड पुसलं आणि खुर्ची ढकलत निघाले.

"हिला कशाला आणलंस?"

"हिच्याबद्दल बोलाचं हाय न. मंग हिच्यासमोरच बोला."

ऑफिसचा उंबरठा उंच आहे. मी पुढची चाकं उचलली आणि खुर्ची आत घेतली.