बेळगावची खेप

साडीचा पदर ती आधी स्वतःच्या खांद्यावर टाकायची आणि गिऱ्हाइकाकडे चक्क पाठ फिरवायची. “पाठसून बघा गो. लग्नात लोक पाठसूनच बघतत.” पुढ्यात उलगडलेल्या साड्यांचा ढीग तसाच राही आणि तीच साडी पिशवीत जाई.

डिचोलीच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे. तुमच्यापैकी कोणी तिथून लग्नाचा बस्ता नेला असेल, तर तिला पाहिले असणारच. माहेर पेडण्याचे, सासर नार्व्याचे. आम्ही तिला बायच म्हणायचो. अंगाने काटकुळी आणि पायाला भिंगरी. काउंटरमागे तिच्यासाठी स्टूल ठेवले होते. त्यावर ती कधी बसली नाही. त्यावर चढून वरचे गठ्ठे काढायची. दुपारी सगळा बाजार दारे ओढून आडवा होतो, तेव्हा ही दुसऱ्या दुकानांच्या काचांतून त्यांचा माल बघत फिरायची.

“काय गो, तिथे नोकरी बघतेस?”

“नोकरी आसा मां माझी. साड्ये बघतंय.”

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, लेकीच्या सासरी वजे पाठवायचे असते. फळे, गोडधोड आणि विहिणीची साडी. ती साडी घ्यायला आलेली आई नेहमी घाबरलेली असते. बाय तिला आधी विचारायची, “विहीण तोंडार बोलता काय पाठसून?” तोंडावर बोलणारीला लखलखीत साडी. मागून बोलणारीला साधी, पण भारी सुताची. कारण ती शेजारणीला पदर चिमटीत धरून दाखवणार.

खरेदी मात्र माझी. सायकलवर गाठोडे बांधून सर्वणच्या वाड्यांत मी कापड विकले, त्यातून हे दुकान उभे राहिले. घासाघीस मला कोणी शिकवू नये. एका वर्षी चवथीच्या तोंडावर बेळगावच्या एका व्यापाऱ्याशी असा भांडलो, की त्याने हात जोडून अख्खा गठ्ठा माझ्या भावात दिला. काळ्या साड्या, सोनेरी काठ. भांडणाच्या भरात मी रंग पाहिला नाही असे लोक म्हणतात. पाहिला होता. पण तसा भाव पुन्हा मिळणार नव्हता.

बायने एक साडी उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

“शेट, वज्यात काळा कोण पाठयतलो? विहीण दारातसून परत धाडतली.”

“आधी भाव बघ!”

“बघलंय. भांडणात जिकलात, साड्येत हरलात.”

मी भडकलो. गिऱ्हाइकांसमोर जे बोललो ते इथे लिहीत नाही. तिने मुकाट्याने गठ्ठा वरच्या फळीवर ठेवला. संक्रांत जवळ आली तसा तिनेच तो खाली काढला. टीव्हीवरच्या मालिका बघून आपल्याकडच्या नव्या सुनांनाही आता संक्रांतीला काळी साडी हवी असते, हे मला कोण सांगणार? एकही साडी उरली नाही.

मी खूश होतो. म्हटले, “बाय, या महिन्यापासून तुझा पगार वाढवला.”

“पगार नको, शेट. फुडल्या खेपेक माका बेळगावाक घेऊन चला. भाव तुमी करा, साडी मी निवडतंय.”

“आणि काउंटर कोण सांभाळणार?”

तिने समोरची साडी घडी घालून फळीवर ठेवली.

“दुप्पट पगार मागितला असतास तर समजलो असतो. हे कसले मागणे?”

“दुप्पट पगार घेतलंय तर जल्मभर काउंटरारच रवतलंय,” ती म्हणाली.

माझा पारा चढला. आज बेळगाव म्हणते, उद्या गल्ल्यावर बसते म्हणेल. मी एकटाच गेलो. परतलो तेव्हा तिने नेहमीसारखे गठ्ठे उतरवून घेतले, फळ्या लावल्या, हात पुसले आणि म्हणाली, “शेट, उद्यापासून मी येवचंय नाय.”

आता ती नार्व्याच्या घरी, ओसरीवर साड्या विकते. मोबाइलवर व्हिडिओ टाकते, त्यातही पाठ फिरवूनच उभी राहते म्हणे. माझी निम्मी गिऱ्हाइके तिकडे गेली. कापड हातात कसे धरायचे हे मी तिला शिकवले. याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. मी दोन नव्या मुली ठेवल्या आहेत. चांगल्या आहेत. स्टुलावर बसतात.

यंदा चवथीच्या खरेदीला बेळगावला गेलो, तर कापडाच्या गल्लीत ती समोर उभी. काखेत गाठोडे, कपाळावर घाम.

“टेंपोत जागा आहे,” मी म्हटले. “चोर्ल्याच्या घाटात धुके उतरायच्या आत निघूया. चल.”

“नको शेट, तुमी जावा. माका अजून एका व्यापाऱ्याची गादी बघूची आसा.” आणि समोरचा जिना चढून वर गेली.

त्या व्यापाऱ्याला मी चांगला ओळखतो. मला तो खाली उभ्याउभ्या माल दाखवतो. वरच्या गादीवर बसवून, आतले कपाट उघडून दाखवतो ते निराळ्या लोकांना.

मी टेंपोत बसलो. ड्रायव्हरने इंजिन सुरू केले, मी बंद करायला लावले, पुन्हा सुरू करायला लावले. वरून कोणीतरी चहाची हाक दिली. जिन्याखाली तिच्या चपला होत्या. लगेच परतायचे असले की माणूस चपला रस्त्याकडे तोंड करून काढतो. तिच्या चपलांचे तोंड आतल्या बाजूला होते.