पूर्ण काळाच हवा

काळ्या कुत्र्याला घर मिळत नाही. हे मला आमच्या हॉलमध्ये बसून, चहा पिऊन गेलेल्या माणसांनी शिकवलं. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत मी रस्त्यावर सापडलेली कुत्री सांभाळते, जखम भरेपर्यंत आणि कायमचं घर मिळेपर्यंत. माणसं बघायला येतात. पिल्लू तांबूस असेल तर लगेच मांडीवर घेतात. काळं असेल तर म्हणतात, "गोड आहे हो, पण दुसऱ्या रंगात नाही का?" जसं काही माझं साड्यांचं दुकान आहे.

हा कोन गावाच्या बाजूला, हायवेलगतच्या एका गॅरेजात ट्रकखाली सापडला होता. मागचा पाय मोडलेला, अंगभर ऑइल. घासून घासून ऑइल काढलं तरी काळाच राहिला, तेव्हा कळलं की हा मुळातच काळा आहे. वाढून वाढून मांजराएवढा झाला आणि तिथेच थांबला. फोटो काढला की नुसता एक डाग यायचा आणि त्यात दोन डोळे. पाहुण्या कुत्र्यांना मी नाव देत नाही. दिलं की मग सोडवत नाही. याला नुसतं "अरे" म्हणायचे. नवऱ्यालाही मी तेच म्हणते, त्यामुळे हाक मारली की दोघंही यायचे, त्यातला एक पळत.

त्याच्यानंतर आलेली पिल्लं घरं मिळून गेली, हा आपला दारातच. शेवटी मी आशा सोडली होती, आणि अशात ताईचा फोन आला.

"अगं, एक स्थळ आहे," ताई म्हणाली. "विचुंब्याची माणसं. स्वतःचा बंगला, पुढे अंगण. तुझ्या भावजींचं त्यांच्याकडे जुनं येणंजाणं आहे. आणि ऐक, त्यांना काळाच हवाय. पूर्ण काळा."

ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून बरीच मोठी. जुन्या पनवेलला राहते. आई गेल्यावर मला तिनेच सांभाळलं, माझं लग्नही तिनेच जमवलं. तिच्या शब्दावर मी डोळे मिटून चालत आले आहे. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात त्या कुत्र्याला उचलून नाचले. खोटं कशाला सांगू, अक्षरशः नाचले.

मंडळी बघायला आली. घरातली आजी, तिची सून आणि ताई. आजीने नऊवारीचा पदर खोचला, जमिनीवर बसली आणि त्याला सरळ उताणा केला. पोट पाहिलं, चारही पंजे पाहिले, छातीवरचे केस बोटांनी बाजूला करून पाहिले. मला वाटलं, गोचीड शोधतेय. किती जाणकार बाई, म्हणून मी भारावून गेले.

"यो तर पुरा कालाच हाय," आजी खूश होऊन म्हणाली. "तू घोर नको करू बाय, आमचे घरान याला काय कमी नाय परनार."

मी माझी नेहमीची उलटतपासणी घेतली. फाटक बंद असतं का? गावाला गेलात तर कोण बघणार? लशी कुठे देणार? बांधून तर नाही ना ठेवणार? सुनेने सगळ्याची नीट उत्तरं दिली. काळाच का हवा, हे मात्र विचारावंसं वाटलं नाही. इतक्या नकारांनंतर होकार आला की माणूस कारण विचारत नाही. ताई शेजारी बसून बिस्किट खात होती.

मी स्वतः कुत्र्याला सोडायला जात नाही, मला ते जमत नाही. ताईच्या मांडीवर बसून तो रिक्षाने विचुंब्याला गेला.

मग दर शनिवारी सुनेकडून फोटो येऊ लागले. अंगणात आजी बसलेली आणि हा तिच्या हातून तांदळाची भाकरी खातोय. भाकरी चकचकीत. मी ताईला म्हटलं, "त्यांना सांग, इतकं तूप बरं नाही त्याला." ताई म्हणाली, "सांगते." शनिवारी सुट्टी असेल म्हणून निवांत फोटो काढत असतील, असं मी धरून चालले. अंग भरलं होतं त्याचं. एका फोटोत तर आजीच्या पायांवर डोकं ठेवून झोपला होता. आमच्या कुत्रेवाल्या ग्रुपवर मी ते फोटो टाकायचे आणि खाली लिहायचे, बघा, काळ्यांनाही घरं मिळतात.

पुढे फोटो थांबले. मी ताईला विचारलं. "मजेत आहे गं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, घरात गडबड आहे," ती म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा "मजेत आहे." ताई सांगतेय म्हटल्यावर मी निर्धास्त.

हळदीचं बोलावणं मलाही आलं. मी पर्समध्ये त्याच्यासाठी चघळायचं हाड घेतलं. डीजे इतका मोठा होता की पायाखालची जमीन हलत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, तो बिचारा कुठे दडून बसला असेल. अंगणात पाहिलं, मागच्या पडवीत पाहिलं. शेवटी खुर्चीवर बसलेल्या आजीला विचारलं. तिच्या शेजारच्याच खुर्चीत ताई होती, गालाला हळद लागलेली.

"त्याला सोरला ना बाय," आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "काम झाला त्याचा."

"सोडला? कुठे? कसलं काम?"

"पोराला शनी लागला व्हता, लगीन जमत नवता. गुरुजी बोलले, काला कुत्रा पाला, शनवारी तेलाची भाकर घाला. लगीन ठरला का लांब नेऊन सोरा, घरान ठेवलात तर उलटल. म्हनून गव्हान गावाला सोरला. तिकरं मासली मिलते, उपाशी नाय मरनार. माज्या पन डोल्यान पानी आला बाय." आणि मग, अगदी सहज, ताईच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "तुजे तायनीच तर त्या गुरुजींचा पत्ता दिलता आमाला. तिला सगला म्हायती हाय."

आजी लपवत काहीच नव्हती. तिला वाटत होतं मलाही ठाऊक आहे. लपवत होती ती माझी बहीण.

मी ताईचा दंड धरून तिला फाटकाबाहेर आणलं.

"तुला माहीत होतं?"

"इथे तमाशा नको."

"मजेत आहे म्हणालीस! दोनदा म्हणालीस!"

"मग काय सांगायचं होतं? तू रडत बसली असतीस." तिने गालाची हळद पुसली. "हे बघ, तुला त्याच्यासाठी घर हवं होतं, त्यांना काळा कुत्रा हवा होता. इतके महिने लाडात राहिला ना? तुला आधी सांगितलं असतं तर दिला असतास का?"

"नाही."

"मग?"

तिचा हिशोब तिच्यापुरता चोख होता, त्यात फक्त कुत्रा आणि मी बसत नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मला तिची किळस आली. ती तशीच आत गेली, आणि मी रस्त्यावर रडत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गाडी काढली. गव्हाणला नाक्यावर मासळी विकणाऱ्या बाईने कुत्र्याचं वर्णन पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "तो व्हय? गारी थांबली का धावतो. सगल्या गाऱ्यांमागं धावतो." तेवढ्यात तो आलाच, आमच्याही गाडीसाठी धावत. एक कान फाटलेला, बरगड्या दिसत होत्या. मला ओळखलं, शेपूट हलवली, आणि मला ओलांडून गाडीत चढला. पुढची सीट हुंगली, मागची हुंगली, सीटखाली डोकं घालून पाहिलं. कुणीच नव्हतं. मग तो खाली बसला.

घरी आल्यापासून तो दारापाशी असतो. खातो, औषध घेतो, पण पुन्हा दारापाशी. हाक मारली की आता फक्त नवरा येतो.

ताईचे फोन मी घेतले नाहीत. शेवटी एका रविवारी ती स्वतःच आली, हातात डबा. माझ्या आवडीच्या नारळाच्या वड्या असणार, ती भांडण अशीच मिटवते. बेल वाजली, मी दार उघडलं आणि काही बोलायच्या आत माझ्या पायांमधून तो सुटला. ताईच्या साडीवर उड्या मारू लागला, कण्हत, रडत, तिची बोटं चाटत. इतका आनंद त्याने मला पाहूनही दाखवला नव्हता. मग धावत जिन्यापर्यंत गेला, वळून तिच्याकडे पाहिलं, परत आला, तिचा पदर दातांत धरून ओढायला लागला. त्या घरी नेणारी बाई ती, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

ताईने पदर सोडवून घेतला. "याला आत घे गं," ती म्हणाली.

"मी का घेऊ? तुझ्याकडे आलाय," मी म्हटलं. "तूच सांग त्याला, काम झालं म्हणून."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून तिची वाट बघत होता.