पालकाची सही

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या आत्याइतकी शिस्तीची विद्यार्थिनी झाली नसेल, आणि मास्तराचा इतका छळही कुणी केला नसेल. मास्तर मी होतो. आर्णीतल्या एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आत्याने एक्कावन्नाव्या वर्षी ठरवलं, की सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं. दुपारी शाळेतली खिचडीची गंज-पातेली घासून झाली की केसांना तेल लावून, घट्ट वेणी घालून, दप्तर घेऊन ती आमच्या घरी हजर. बस म्हटल्याशिवाय बसायची नाही. एकदा ताप आला, तर सुट्टीचा अर्ज शेजारणीच्या हाती पाठवला. पण गणितात ‘समजा’ आलं की तिचं बिनसायचं.

“समजा, एका टाकीला दोन नळ आहेत...”

“कोणाच्या घरी हायेत ते सांग पहिले. आपल्या इथं एकाले पाणी नाही.”

“आत्या, मानायचं असतं.”

“कायले मानू? तूच त पत्रकात लिवलं, पुराव्याबिगर काही मानू नका.”

लिहिलं होतं खरं. आमचं घरच चळवळीच्या पत्रकांचं. मुळाक्षरं मी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. बाबा चाळीस वर्षं पत्रकं काढत आलेत; मुलींच्या शिक्षणावरची मला तोंडपाठ आहेत, आणि त्यांचं अक्षर मी हजारात ओळखेन.

आत्याचा सगळ्यात मोठा हट्ट पालकाच्या सहीचा. प्रत्येक सराव चाचणीवर ती हवीच. सून सही करताना रागवायची, “आई, गणितात अकराच? मोबाइल कमी पाहत जा.” आत्या मान खाली घालून ऐकायची. सून नसली तर गिरणीवाला. एकदा तर एसटीच्या कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता सही केली. सख्खा मोठा भाऊ, म्हणजे माझे बाबा, आमच्याच समोरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत, त्यांच्यापुढे मात्र तिने वही कधी धरली नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “त्याच्या सहीले लय वजन हाय, पोरा.”

फॉर्मला जुन्या शाळेचा दाखला लागतो, म्हणून एक दिवस आम्ही तिच्या शाळेत गेलो. आत्याचं डोकं शाळेत चाललं नाही, नववीतच सुटली, असं मी घरी लहानपणापासून ऐकत आलो होतो. कचेरीतल्या बाबूने दाखला लिहून पुढे सरकवला. प्रगती: उत्तम. शाळा सोडण्याचे कारण: पालकाच्या विनंतीवरून.

“चूक असेल,” मी म्हटलं. “आजोबा तर त्याआधीच वारले होते.”

बाबूने फाईल माझ्याकडे फिरवली. पिवळा पडलेला अर्ज. ‘घरी कार्यकर्त्यांचा राबता असल्याने स्वयंपाकास माणूस नाही. सबब बहिणीचे नाव कमी करावे.’ सही वाचायची गरजच नव्हती. अक्षर बाबांचं होतं.

मी बाकावर बसलो. आत्या दाखल्याची घडी घालत होती.

“तुला माहीत होतं?”

“मीच त नेऊन देल्ला होता तो अर्ज. रस्त्यानं वाचला.”

“आणि काहीच बोलली नाहीस?”

“कवा बोलू? त्या दिवशी घरी तीस माणसांच्या भाकरी होत्या.”

बाबांविरुद्ध पत्रक काढायचं मी परतीच्या रस्त्यावरच ठरवलं. मथळासुद्धा तयार होता. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. “काढजो,” ती म्हणाली. “पण पहिले मले ते दोन नळ समजाव. यंदा दहावी सुटली त मंग होत नाही माह्यानं.”

नळ समजावण्यात माझा हिवाळा गेला. आत्या पास झाली, गणितात छत्तीस. गुणपत्रिकेवर पालकाच्या सहीला जागा नसते. तिने झेरॉक्सच्या तळाशी पट्टीने रेघ आखली आणि पहिल्यांदाच कागद बाबांपुढे धरला.

“दादा, सही कर.”

बाबांनी पेन उघडलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. दारात मी उभा होतो, डोक्यात तो मथळा घेऊन. तो मी आजवर छापलेला नाही. शेवटी त्यांनी सही केली, ती रेघ सोडून खाली घसरली.

आत्याने कागद जवळ धरून पाहिला.

“तवाची साजरी होती, दादा,” ती म्हणाली, आणि घडी घालून दप्तरात ठेवला.